प्लास्टरमधला हात आणि जपानी गाडी

यांच्याशी लग्न केलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि यांची मुलगी पंचविशीत होती. तिची आई जाऊन काही वर्षं झाली होती. माझं हे पहिलंच लग्न. खांदेश्वरची माझी छोटी जागा भाड्यानं देऊन मी खारघरला यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगी पुण्यात, गाड्यांच्या कंपनीत नोकरीला. लग्नात ती सगळ्यांशी नीट वागली, पाहुण्यांना आग्रह करून वाढलंही. फक्त मला हाक मारायची वेळ आली की गप्प व्हायची. समोर येऊन उभी राहायची आणि मी वर पाहिलं की बोलायला लागायची. मी आतल्या खोलीत असले तर बाबांकडून निरोप द्यायची. मला लागत नव्हतं असं नाही, पण ती काही मागून घ्यायची गोष्ट नव्हती.

लग्नाला वर्ष होत आलं आणि ती पुण्यात स्कूटरवरून पडली. उजवं मनगट मोडलं. हे जाऊन तिला घरी घेऊन आले. त्याच आठवड्यात तिच्या नावाचं एक पार्सल आलं. पडण्याआधी तिनं मागवलं होतं आणि सवयीनं पत्ता घरचाच दिला होता.

आत प्लास्टिकचे बारके ठोकळे होते. ते जोडून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार बनवायची. खोक्यावर तिचं चित्र होतं, पांढरीशुभ्र, लांब बॉनेट आणि मागे आखूड. मुलीला ती गाडी फार आवडते, असं हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले आणि ती डायनिंग टेबलाशी बसून डाव्या हातानं ठोकळे जोडायला लागली. एक दाबावा तर दुसरा सरकायचा. मी समोर गवार मोडत होते. थोडा वेळ पाहिलं, मग गवार बाजूला ठेवली, हात धुऊन पुसले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"हा जरा धरता का?" ती म्हणाली.

धरला. मग दुसरा धरला. दुपारपर्यंत ती पुस्तिकेतलं चित्र बघून सांगायची आणि मी जोडायची, असं होऊन गेलं. ठोकळ्यांची तिची नावं मला कळेनात, तेव्हा मी माझी ठेवली. तिरका तो शंकरपाळी, गोल तो बत्तासा, पारदर्शक बारके तुकडे म्हणजे खडीसाखर. ते मी वेगवेगळ्या ताटल्यांत निवडून ठेवले. ती आधी हसली आणि मग स्वतःच "दोन शंकरपाळ्या द्या" म्हणायला लागली. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे बसलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. एक ठोकळा एक घर पुढे बसला होता आणि ते बॉनेट लावताना कळलं. अर्धी गाडी उकलावी लागणार होती. एव्हाना तीही कंटाळली होती. "मी एकटीनं केलं असतं तर बरं झालं असतं," असं काहीसं ती पुटपुटली. मी उकलायला घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं डाव्या हातानं तो स्पीकरवर टाकला. पुण्याची मैत्रीण होती. एकटीच आहेस का घरी, असं तिनं विचारलं.

"नाही. बाबांची मिसेस आहेत ना."

मैत्रीण हसली. "म्हणजे? तू काय म्हणतेस त्यांना?"

"काही नाही म्हणत," ती म्हणाली आणि मग तिला आठवलं की मी शेजारीच बसले आहे. नंतर करते म्हणून तिनं फोन ठेवला. मी ठोकळे सुटे करत राहिले. माझी बोटं तेवढी सावकाश चालली होती.

मग ती म्हणाली, "मला खरंच कळत नाही, तुम्हाला काय म्हणू. आई नाही म्हणता येणार."

"म्हणूही नकोस. तुझी आई तुझीच राहू दे."

"काकू म्हटलं तर शेजारच्यांसारखं वाटतं."

मी म्हणाले, "शाळेत मुलं मला बाई म्हणायची. तीस वर्षं तीच हाक ऐकलीय. तिला मी झोपेतही ओ देईन."

तिनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं. मग तिनं टेबलावरचं चाक माझ्याकडे सरकवलं आणि पहिल्यांदाच आईबद्दल बोलली. आईनं तिला पांडवकडा धबधब्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवली होती. गाडी बंद पडली, मागून कितीही हॉर्न वाजले, तरी आई शांत बसून राहायची. म्हणायची, वाजवू देत त्यांना, तू तुझा क्लच सांभाळ. सांगताना ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. माझेही आले. मी तिच्या आईला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. त्या दुपारी ती मला गाडीत बसलेली दिसली.

संध्याकाळी हे आले तेव्हा गाडी तयार झाली होती. मी चहा टाकत होते. बाहेरून हाक आली, "बाई, बाबा आले."

यांनी बूट काढता काढता तिच्याकडे पाहिलं. आत येऊन हळूच मला म्हणाले, अगं, बाई काय? सोसायटीत लोकांना वाटेल कामवाली. मी म्हटलं, वाटू दे. आणि चहात साखर घालायची विसरले.

पुढे प्लास्टर निघालं. आतला हात बारीक, फिकट झाला होता. ती त्याच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. रोज सकाळी मी तेल कोमट करायची आणि ती हात माझ्या मांडीवर ठेवून द्यायची. जोरात चोळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी नुसताच हलका हात फिरवत राहायची. कधी कधी तेल केव्हाच जिरून गेलेलं असायचं. तरी तीही हात काढून घ्यायची नाही आणि मीही सोडायची नाही.