आमच्या परसातला हौद

माझ्या थोरल्या दिरांचा मला राग आहे. तो जाईल असं सगळे सांगत होते. अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. माझे आजेसासरे रेल्वेच्या नोकरीनं जालन्याला आले, पुढची पिढी अंबडला स्थिरावली. आता इथे आमची चार घरं उरली आहेत. दिरांच्या घराची तळमजल्यावरची खोली म्हणजे आमचं प्रार्थनेचं ठिकाण. तिथे कोण बसणार, कोणाचं लग्न लागणार, हे दीर ठरवतात. माझा नवरा होता तोवर दोन शब्द बोलायचा. तो गेल्यापासून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या मुलानं लग्न ठरवलं ते एका शिक्षिकेशी. बौद्ध घरातली, अंबडपासून थोडं दूर वस्ती, वडिलांची कोरडवाहू शेती. मुलगी हुशार, माझ्यासारखीच फटकळ, म्हणून मला पहिल्या भेटीतच आवडली. धर्म घ्यायची तिची तयारी होती. मुंबईच्या जाणत्यांकडे तिनं नेमानं शिकवणी घेतली, हिब्रू वाचायला शिकली. दिरांना अजूनही उजळणी केल्याशिवाय वाचता येत नाही, ते सोडा.

दिरांनी सरळ नाही म्हटलं नाही. तेवढं धाडस त्यांच्यात नाही. ते म्हणाले, "धर्मात यायचं तर मिकवेत बुडी मारावी लागते. ते इथं कुठंय? रीतीनं सगळं झालं तरच माझ्या खोलीत लग्न लागंल." मिकवे म्हणजे आमचा विधीच्या स्नानाचा हौद. कोकणातल्या आमच्या बायांना समुद्र होता. इथे फेब्रुवारीतच टँकर सुरू होतो. आपण फार हुशारीनं अडवलं असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणाले, बांधते.

परसातली पेरूची दोन झाडं काढून मी हौद खणायला घेतला. आष्टीचा गवंडी होता, कामाला चोख. त्याला नियम समजावताना मात्र माझा घसा बसला. हौदात पावसाचं पाणी हवं, तेही गच्चीवरून पाइपानं थेट उतरलेलं. मध्ये टाकी नाही, पिंप नाही. भांड्यात एकदा साठलं की ते पाणी चालत नाही. हौद पुरेसा भरेपर्यंत वरून ओतलेलं पाणी आत जाता कामा नये, गेलं तर सगळं उपसून पुन्हा पावसाची वाट पाहायची.

"ताई, सगळा गाव टाकीत पाणी साठवतो," गवंडी म्हणाला. "तुमचा देव लई कडक हाये."

गल्लीतल्या बायांनी तर तोंडसुख घेतलं. प्यायला पाणी नाही आणि ही बाई आंघोळीचा हौद बांधून राह्यली, असं माझ्या फाटकासमोर उभं राहून बोलायच्या. मी फाटक उघडून विचारायची, आत येऊन बघता का? मग जायच्या.

पाऊस लागला तेव्हा हौद तयार होता. पाणी पायरीपायरीनं चढू लागलं. एक दिवस गवंडी उरलेलं काम उरकायला आल्ता. वरच्या पायरीवरचा सिमेंटचा राडा धुवायला त्यानं बादली उचलली, तर दीर ओट्यावरून ओरडले, "खबरदार! बादलीचं पाणी आत गेलं तर सगळं नासंल." मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नियम त्यांना माहीत नव्हता असं नंतर सगळ्यांनी मला पटवायचा प्रयत्न केला.

सप्टेंबरात पावसानं ओढ दिली. हौद भरायला थोडंच कमी होतं. मुंबईहून तिघे जाणते यायचे ठरले होते, त्यांच्यासमोर विधी व्हायचा होता. मी जालन्याला बाजाराला गेल्ते. परत आले तर टँकरची नळी माझ्या हौदात, आणि शेजारी दीर हात मागे बांधून उभे.

"कमी पडत व्हतं, म्हणून भरून टाकलं," ते म्हणाले. "तुझ्याच कामाला मदत केली."

हौद काठोकाठ भरला होता आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. पुढचा पाऊस पुढच्या वर्षी. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाऊबाई म्हणाल्या, त्यांचं वय झालं, विसरले असतील. विसरणारा माणूस टँकरवाल्याला फोन करून, मी घरी नसतानाची वेळ साधून बोलावतो का?

होणारी सून संध्याकाळी आली. हौदाकडे बघत उभी राहिली. रडेल असं वाटलं, पण ती विचार करत होती. मग म्हणाली, "आई, झऱ्याचं पाणी चालतं ना? मी वाचलंय. मंग आमच्या विहिरीला जिवंत झरा हाये. पायऱ्याबी हायेत."

मुंबईला फोन केला. तिथले म्हणाले, जमिनीतून आपोआप येणारं पाणी असेल तर उत्तमच, हौदापेक्षाही चांगलं.

दिरांना सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडून खरं बाहेर आलं. "त्या वस्तीची विहीर?"

"हो, त्याच वस्तीची," मी म्हणाले.

ठरल्या दिवशी तिघे आले, विहिरीच्या काठावर, पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. आम्ही बायका चादरी धरून तिच्यासोबत खाली उतरलो. तिनं बुडी मारली, गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून आशीर्वादाचे शब्द मोठ्यानं म्हटले, पुन्हा बुडी मारली. वरून तिघांनी आमेन म्हटलं. तिची आई रडत होती आणि मीही. दीर आले नव्हते.

आता त्यांना नाही म्हणायला जागा नव्हती. लग्नाआधी खोली झाडायची म्हणून मी तिला घेऊन त्यांच्याकडे गेले. ते किल्ली घेऊन दारात आले. तिनं हात पुढे केला. त्यांनी आपला हात वीतभर वर धरला आणि किल्ली तिच्या तळहातावर टाकली. बोट लागू नये म्हणून. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे, तेव्हा गाववाले त्यांना तेली म्हणून लांब बसवायचे, आणि ह्या माणसानं त्यांच्याकडून नेमकं हेच उचललं होतं.

तिनं मूठ मिटली नाही. किल्ली तशीच हातावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी ती उचलली, दिरांचा हात धरला आणि त्यांच्या मुठीत कोंबली.

"परत द्या," मी म्हणाले. "बराबर द्या. हातात."

जाऊबाई आतून बाहेर आल्या. दीर माझ्याकडे बघेनात, तिच्याकडेही बघेनात. तिचा हात पुढेच होता. आम्ही कोणीच तिथून हललो नाही.