तीन नंबरचं बेअरिंग

पंचवीस वर्षं मिस्त्री यंत्रांचं दुखणं कानानं ओळखत आला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तो "आठवडा काढेल" म्हणाला, की आठवडाच निघायचा.

मग क्रेनचा हुक डोक्याला लागला. जखम भरली, पण उजव्या कानात शिटी राहिली. कुकरची असती तर गॅस तरी बंद केला असता. ती त्यानं फक्त बायकोला सांगितली आणि साडूला. साडू त्याच्याच हाताखाली तयार झालेला फिटर.

"कारखान्यात बोलू नकोस."

"आईशप्पथ!"

चुंबकाच्या उपचारांची बातमीही साडूनंच आणली. "काहींना उतार पडतो, काहींना नाही," डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं. कामाआधी साडू त्याला रोज स्कूटरवरून न्यायचा. कानांत बोळे, डोक्यावर तारेचं चपटं वेटोळं, आणि कवटीवर सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक.

"साडूभाऊ, आता पाने चिकटतील तुमच्या डोक्याला!" साडू चिडवायचा.

"चिकटू देत. तुझ्या हातून हरवायचे तरी नाहीत."

आठव्या दिवशी शिटी लांब गेली, बंद दाराआड कुणी वाजवावी तशी. दहाव्या दिवशी मॅनेजरनं त्याला तीन नंबरच्या यंत्रापाशी बोलावलं.

"ऐका बरं जरा."

मिस्त्रीनं डोळे मिटले. तेलात फिरणाऱ्या गोळ्या, सगळ्या एका लयीत.

"ठणठणीत आहे. वर्षभर हात लावू नका."

"बरोबर. काल तुम्ही गेल्यावर नवंच बसवलंय." मॅनेजर घुटमळला. "पण तुम्हाला ऐकू येत नाही, असं सोमवारी लेखी आलं. वरून हुकूम निघालाय. उद्यापासून तुम्ही स्टोअरला, तपासणी तुमच्या साडूंकडे."

त्यानं कागद पुढे केला. उजवा कान, शिटी, उपचारांच्या तारखा, सगळं नीट लिहिलेलं. खाली साडूची सही. आणि सोमवारनंतरही चार दिवस हाच माणूस रोज सकाळी दारात हॉर्न वाजवत उभा राहिला होता.

संध्याकाळी साडू स्कूटर घेऊन फाटकाशी आला. मागच्या चाकातली घरघर मिस्त्रीला दहा पावलांवरून ऐकू आली. बेअरिंग फुटायला आलं होतं.

"बसा साडूभाऊ. काय म्हणते आपली गाडी?" हा त्याचा रोजचाच प्रश्न.

मिस्त्रीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"मला कुठं ऐकू येतं!"

तो चालू लागला. मागे इंजिन बंद झालेलं त्याला स्वच्छ ऐकू आलं. हाक मात्र आली नाही.