विळीला ग्रीस नसतं

हाडांची डॉक्टर बाई असू शकते, हे आमच्या भागाला पटायला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला लोक मलाच विचारत, "डॉक्टर कवा येनार?" आणि मी चिडून म्हणायचे, "आलेत. तुमच्यासमोर बसलेत." पुढे सवय झाली, त्यांना आणि मलाही. दवाखाना खाली, घर वर. लग्न राहून गेलं, आणि आई होती तोवर ते फारसं जाणवलं नाही. ती गेल्यावर एकटीनं जेवणं मला फार जड जायला लागलं. दिवसभर लोकांची हाडं जुळवायची आणि वर येऊन भिंतीकडे बघत भाकरी खायची.

म्हणून रविवार मला प्रिय होता. खोडदच्या रस्त्याला एका बागायतदाराचं घर आहे; त्यांना मी भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मी बसवलं, तेव्हापासूनचा घरोबा. दर रविवारी दुपारी वहिनी मासवडी करायच्या आणि माझं ताट न विचारता मांडायच्या. मी पोचायला उशीर केला तर भाऊ फोनवर ओरडायचे, "अवो ताई, रस्सा निवला की!" त्या ओरडण्यासाठी मी मुद्दाम उशीर करत असे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भाऊंची टोमॅटोची शेड होती. माल बेल्टवरून पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंना उभ्या बायका तो निवडतात. भात कापून झालं की डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातल्या बायका या कामाला खाली येतात. त्यांतल्याच एकीचा उजवा हात बेल्टच्या रुळात गेला. भाऊ स्वतःच्या गाडीत घालून तिला घेऊन आले. त्यांचा शर्ट रक्तानं भिजला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

केसपेपरवर एक रकाना असतो: इजा कशी झाली. आमच्याकडे तो भरायची एक रीत पडून गेली आहे. मजूर मशिनीत सापडला, तरी सोबत आलेला माणूस सांगतो, "घरी पडला असं लिवा." कामावरचा अपघात लिहिला की पोलिसांना कळवणं आलं, जबाब आले, डॉक्टरला कोर्टाची वारी आली. मालकाला नको असतं, मजूर पोलिसाला घाबरतो, डॉक्टरला ओपीडी बुडवायची नसते. तिघांची सोय होते आणि एक ओळ खोटी होते. मीही अशा ओळी लिहिल्या होत्या.

"ताई, घरी विळीवर हात पडला म्हना," भाऊ म्हणाले. "तिचं समदं मी बघतो. मी हाय की."

मी तिच्याकडे पाहिलं. तिशीची असेल. वेदनेनं डोळे मिटलेले. "मालक म्हनत्यात तसं लिवा, मॅडम," ती म्हणाली.

मी लिहिलं: घरी विळीवर हात पडून.

ऑपरेशन चार तास चाललं. चिरडलेली तीन बोटं मी वाचवली आणि मनातून फुगले. बाहेर येऊन शस्त्रक्रियेची नोंद नेहमीसारखी लगेच, हातानं लिहून काढली: जखमेत काळं ग्रीस, टोमॅटोची सालं आणि बिया, सर्व धुऊन काढले. त्या कागदावर खोटं लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन्ही कागद एकाच फायलीत एकमेकांना खोटं पाडत पडून राहिले.

बोटं राहिली, पण वाकेनात. भाऊंनी सुरुवातीला खरंच बघितलं. मग नवा हंगाम आला, आणि शेडवर तिला सांगितलं गेलं की या हातानं काम व्हायचं नाही. गावातल्या कुणीतरी तिला कामगार भरपाईचा कायदा सांगितला आणि तिनं अर्ज केला. त्यानंतर ती माझ्याकडे आली. "किती टक्के हात गेला" याचा दाखला हवा होता.

या कायद्यात डॉक्टरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. इजा कामामुळे झाली हे जखमेवरून पटतं का, आणि त्या इजेनं माणसाची कमवायची ताकद किती गेली. बोट तुटलं असतं तर त्याचा आकडा कायद्याच्या तक्त्यात छापलेला आहे. मी बोटं वाचवली होती, म्हणून ती तक्त्यात बसत नव्हती. आकडा मीच ठरवायचा होता. कारकुनाचा हात आणि भात लावणाऱ्या बाईचा हात सारखाच जायबंदी झाला, तरी गमावलेलं सारखं नसतं. तिला चिमटीत रोप धरता येत नव्हतं. मी भराभर लिहायला लागले, आणि तिनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. तिच्या अर्जावर मालकानं कोर्टात दिलेलं उत्तर. त्याला माझ्या केसपेपरची नक्कल जोडलेली होती.

"ह्यात काय लिवलंय, मॅडम? कोर्टातला सायेब म्हनला, तुमच्याच डॉक्टरनं लिवलंय. मी म्हनलं, त्यांनी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल."

माझी मान खाली गेली. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. म्हटलं, हे खोटं आहे, मी लिहिलंय, आणि ह्यामुळे तुझा अर्ज फेटाळला जाईल. तिनं तो कागद परत पिशवीत ठेवला.

"मंग आता?" तिनं विचारलं.

त्याच रविवारी मी जेवायला गेले. जायला नको होतं, पण गेले. मासवडी वाढता वाढता वहिनी तब्येतीचं विचारत होत्या. भाऊ हळूच म्हणाले, "ताई, तुमाला साक्षीला बोलावतील. तुमी फक्त कागद दाखवा. बाकी काय बोलू नका." मी मूग गिळून जेवले. रस्सा दुसऱ्यांदा मागूनसुद्धा घेतला. परतताना स्वतःची इतकी लाज वाटली की गाडी रस्त्याकडेला थांबवून बसले. शेतांपलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

पुण्याला कामगार कोर्टात मी फाईल घेऊन गेले आणि ती ओळ खोटी असल्याचं सांगितलं. मालकाच्या वकिलांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही खोटे कागद लिहिता?"

"हा लिहिला," मी म्हणाले.

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

मी शस्त्रक्रियेची नोंद पुढे केली. "विळीला ग्रीस नसतं," मी म्हणाले. भाऊ मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वहिनींचा फोन आला, एकाच वाक्याचा. "खाल्ल्या मिठाला जागला न्हाईत, ताई." त्यानंतर शेडवरचे रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले, आणि रविवारी मला कुणी ओरडलं नाही.

निकाल त्या बाईच्या बाजूनं लागायला दोन पावसाळे गेले. तो लागल्यावर ती आली, नेमकी रविवारीच, दुपारची. ओपीडी बंद होती, मी तिला वर घेऊन आले. खरं सांगायचं तर मी आभाराची वाट बघत होते. एवढं गमावल्यावर तेवढं तरी मिळावं, असं वाटत होतं.

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "मॅडम, येक इचारू? त्या दिशी मी म्हनले आसते, न्हाई, मशिनीत लागलं असंच लिवा, तर तुमी लिवलं आसतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण मला त्या दिवशीचा भाऊंचा भिजलेला शर्ट आठवला, आणि मांडलेलं ताट.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू हेच ऐकायला आली होती. डाव्या हातानं पिशवी उचलली. मी घाईघाईनं म्हटलं, "जेवून जा ना. पिठलं टाकते, वेळ नाही लागायचा."

"नगं मॅडम," ती चप्पल घालत म्हणाली, "घरी समदी जेवायची थांबल्यात."

ती रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत मी गॅलरीत उभी राहिले. मग आत येऊन एक ताट घेतलं.