पुढच्या थंडीचं माप

झाडांना पालवी फुटली की बाकीचे लोक लोकरीचे कपडे कपाटात कोंबून मोकळे होतात. माझ्या आत्याला ते बघवत नाही. तिनं चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. ट्रंक भरायच्या आधी ती घरातल्या पोरांना भिंतीशी उभं करते, टेप लावते आणि प्रत्येक कोटाची आत दुमडलेली बाही उसवून दोन बोटं वाढवते.

"आत्ताच कशाला?" मी दरवर्षी कुरकुरते.

"थंडी काय तुला विचारून येते?" दातानं दोरा तोडत ती म्हणते.

आणि खरंच, पहिल्या गारठ्यात अख्ख्या गल्लीतल्या पोरांची मनगटं उघडी पडतात, आमची तेवढी झाकलेली असतात.

यंदा पोरांचे कोट ट्रंकेत गेले, तरी आत्या उठेना. बघते तर स्वतःच्याच कोटाला खालून टाचण्या लावत होती.

"अगं, तो बरोबर बसतो तुला!"

"आत्ता बसतो. पोरं वाढतात, तशी मी आटतेय. पुढच्या थंडीत पायात यायला नको."

मग टेप माझ्या हातात देऊन ती भिंतीशी ताठ उभी राहिली.

"नीट बघून सांग," तिनं मला दटावलं, "उगाच वाढवून सांगू नकोस."