पाखरानं उष्टावलेला जाम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जाम काढणं. शनिवारची दुपार होती. मी काठीनं फांदी वाकवली, हिनं फळं तोडून पदरात घेतली. घंटेच्या आकाराची, फिकट गुलाबी, टणक.

झाड आमचंच. इथं परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमागं, गटाराच्या भिंतीत आपसूक उगवलेलं रोप हिनं सोडवून आणलं आणि खालच्या सामाईक बागेत, आमच्या वाफ्यात लावलं. जात कुठली, कुणाला ठाऊक! फळं धरली तशी बाग सांभाळणारी चिनी बाई मागं लागली, इथल्या रीतीनं बोलण्याला 'लाह' जोडत. "अंकल, गोड नसेल तर काढून टाका लाह. जागा अडते." रविवारी तिला शेवटचं सांगायचं होतं.

वरच्या फांदीला एक लालभडक जाम होता, बुलबुलानं चोच मारलेला. मी म्हटलं, "तो काढ."

"उष्टं फळ देवाला दाखवू? काहीतरीच तुमचं."

म्हणून ती कायम पाखरांच्या आधी तोडायची. घरी फळ पहिलं देवापुढं, मग आमच्या तोंडात. त्या दिवशीही तसंच.

"पाणचट आहे," मी म्हटलं. "याच्यापेक्षा काकडी बरी."

"प्रसादाला नावं ठेवू नयेत."

"मग त्या बाईला काय सांगू? देवाला विचारू?"

"विचारा. तो तुमच्यासारखा फटकळ नाही. झाड मात्र तोडायचं नाही, सांगून ठेवते."

संध्याकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती खाली बसली. ॲम्ब्युलन्स लगेच आली. हिनं वाट बघितली नाही.

सकाळी मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सेंगकांगहून परस्पर दवाखान्यात गेला, हिला घरी आणायला. सुतक म्हणून सुनेनं देव्हाऱ्यावर कापड टाकलं. घरात माणसं जमली. जो तो मला बस म्हणत होता. मला बसवेना. खाली गेलो.

चिनी बाई बागेत होती. तिनं माझा हात धरला. झाडाचा विषय तिनं काढला नाही, मीच काढला.

"आज सांगायचं ठरलं होतं ना? थांब."

काठीनं फांदी ओढली आणि तो चोच मारलेला जाम काढला. नैवेद्य दाखवायचा नव्हताच. उष्टा भाग नखानं काढून टाकला आणि चावलो. कुरकुरीत. गोड. रस मनगटापर्यंत आला, आणि मागून गुलाबासारखा वास. पाखरानं शिवायच्या आत तोडायचं म्हणून आम्ही कच्चीच फळं खात होतो, आणि मी झाडाला बोल लावत होतो. पिकेपर्यंत एकही झाडावर राहू दिलं नव्हतं.

उरलेला अर्धा बाईला दिला. तिनं खाल्ला, माझ्याकडं बघितलं.

"झाड राहणार," मी म्हटलं.

"राहू दे, अंकल."

आणखी दोन लाल व्हायला लागले होते. त्यांना हात लावला नाही. दोन बादल्या पाणी बुंध्याशी ओतलं आणि हिला घेऊन गाडी येईल म्हणून वर गेलो.