यशोधराबाई आणि झटका देणारा नळ

आमच्या नाटकमंडळीत यशोधराबाईंसारखं मरण कुणालाच वठवता आलं नाही. त्या कोसळल्या की पुढच्या रांगेतल्या बायका पदराला डोळे पुसत, आणि मग प्रेक्षागृह वन्स मोअरनं दणाणे.

म्हातारपणी त्या जुन्या इंदुरात भाच्याकडे, देवदत्तकडे, राहायला आल्या. देवाचं पाणी त्या सोवळ्यात भरत, अंगावर ओलं लुगडं आणि पाय अनवाणी.

“देवा, नळ झटका देतो रे,” त्या भाच्याला रोज सांगत.

देवदत्त रबरी चपला घालून न्हाणीघरात जाई, नळ घट्ट धरी. “लो! मला तर कुछ नहीं होता. आत्या, कंपनी बंद झाली, आता तरी अ‍ॅक्टिंग बंद करा. नाहीतर चप्पल घाला.”

“देवाच्या पाण्याला चप्पल?”

गीझर लावला की सेफ्टी स्विच पडे आणि घरातली वीज जाई, म्हणून तो स्विच देवदत्तनंच काढून टाकला होता.

एकादशीला मी बाईंना भेटायला गेलो, तेव्हा आतून किंकाळी आली. बाई नळाखाली पडल्या होत्या. देवदत्त दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

“क्या बात है, आत्या! वन्स मोअर!”

वन्स मोअर मिळाला की बाई नेहमी उठत. तो वाट पाहत राहिला.