एका भुवईचा प्रचार

पार्लरवाल्या वहिनींनी उमेदवाराला खुर्चीला बांधून ठेवलं, अशी बातमी गल्लीभर फिरतेय. साफ खोटं. साहेब स्वतःच्या पायांनी आले आणि आपणहून बसले. डोक्याला रंग थापून मी शेजारच्याच खुर्चीत होते. उठून जायची सोयच नव्हती.

साहेब म्हणजे आमचे नगरसेवक, पुन्हा उभे राहिलेले. ‘मी तुमच्यातलाच’ हे त्यांचं पालुपद. लाइव्हवर कधी भाजी निवडतात, कधी कुणाची रिक्षा पुसतात. या खेपेला त्यांच्या पेजवर कौल मागितला: वहिनींच्या पार्लरमध्ये साहेबांनी काय करून घ्यावं? केस धुणं, मालीश की आयब्रो? जनता म्हणेल ते. जनता कसली सोडतेय. आयब्रो भरघोस मतांनी निवडून आल्या.

वहिनींच्या डोक्यात मात्र दारातला चर. पालिकेनं पाइपसाठी खणला तो तसाच उघडा. फळीवरून तोल सांभाळत कोण बाई नटायला येणार? गिऱ्हाईक आटलं, दुकानाला कुलूप लावायची भाषा सुरू झाली होती.

लाइव्ह सुरू झालं. साहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचीच पापणी ताणून धरलेली, त्यामुळे भाषणाला हातवारे नाहीत. वहिनींच्या दातांत दोरा. ‘मी तुमच्यात...’ म्हणेपर्यंत पहिला हिसका बसला आणि साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. स्क्रीनवर बदामच बदाम. कुणी लिहिलं, ‘जनतेसाठी रडणारा नेता.’

पेज सांभाळणारा पुटपुटला, “साहेब, थांबू नका, रडताय ते छान चाललंय. बघणारे वाढतायत.”

उजवी भुवई झाली. वहिनींनी तोंडातला दोरा सोडला.

“साहेब, माझ्या दारातला चर कधी बुजणार?”

“निवडून आलो की पहिलं काम तेच, वहिनी.”

खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारलं, ‘मग मागच्या वेळी कोण आलं होतं निवडून?’ त्यावर हसण्याची रांग लागली.

वहिनींनी दोरा गुंडाळून खणात टाकला. साहेबांनी आरशात पाहिलं. एका डोळ्यावर रेखीव कमान, दुसऱ्यावर झुडूप, आणि बाहेर प्रचारफेरी खोळंबलेली.

“अहो वहिनी, दुसरी?”

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांनी तिथूनच फोन फिरवले, अंधार पडायच्या आत चर बुजला, आणि उरलेली भुवई त्यानंतरच झाली, तीही लाइव्ह. पण फोन फिरवण्याआधी वहिनी जे बोलल्या, ते जो तो आपापलं तिखटमीठ लावून सांगतो. माझ्या कानांनी ऐकलेलं एवढंच:

“चर निवडून आल्यावर ना? मग भुवईपण निवडून आल्यावरच करू.”